शेवटच्या खाचेतले नाव

काशीतल्या जुन्या मराठी घरांत माळ्यावर काय सापडेल याचा नेम नाही. तांब्याचे घंगाळ, पोथ्यांची बासने, लग्नकार्यातली भांडी, आणि क्वचित जाड पुठ्ठ्याच्या पेटीत उभ्या लावलेल्या काळ्या तबकड्या. ब्रह्माघाटावरच्या आमच्या घरातून अशीच एक पेटी खाली आली. बहुतेक रेकॉर्ड्स ओळखू आल्या. एकीवरचा कागद मात्र कसरीने पार खाल्लेला होता. ती लावली, तेव्हा कुणा बाईची ठुमरी ऐकू आली. आवाज स्वच्छ, सूर पक्का. तीन मिनिटे संपत आली तशी खरखर वाढत गेली, आणि गाणे संपल्यावर ती बाई काही बोलली. ती स्वतःचे नाव सांगत होती हे कळत होते, पण नाव मात्र कळेना.

गाणे राहिले आणि गाणारीचे नाव गेले, हे असे का झाले असावे? प्रस्तुत लेख त्या प्रश्नातून सुचला. उत्तर शोधताना काशी, मिर्झापूर, कलकत्ता, जर्मनी आणि विलायत असा फेरफटका झाला. अखेर सगळे प्रकरण एका कोनापाशी येऊन थांबले.

मिर्झापूरचा चपडा

जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीचा जीव म्हणजे लाख. पळस, कुसुम, बोर अशा झाडांवर वाढणारा लाखेचा किडा फांदीवर जो थर सोडतो तो खरवडायचा, धुवायचा, कापडाच्या लांब पिशवीत भरून निखाऱ्यासमोर वितळवायचा आणि ताणून त्याचे पातळ पापुद्रे करायचे. हाच चपडा. सुतारकामात पॉलिशसाठी आपण तो आजही वापरतो. छोटा नागपूरच्या जंगलांतली लाख गोळा होऊन त्याचा चपडा करण्याचा धंदा एकोणिसाव्या शतकात आपल्या शेजारच्या मिर्झापुरात जोरात होता. तेथून तो कलकत्त्याला आणि पुढे जहाजाने युरोप-अमेरिकेला जाई. पुढे १९२४ साली रांचीजवळ नामकुमला लाखेच्या संशोधनासाठी खास संस्था निघाली, यावरून या मालाचे महत्त्व ध्यानात यावे. दुसऱ्या महायुद्धात हा पुरवठा अडला, तेव्हा १९४२ मध्ये अमेरिकेत रेकॉर्डसाठी लाख वापरण्यावर कडक निर्बंध घालावे लागले.

तबकडी निव्वळ लाखेची नसे. लाखेत दगडाची बारीक भुकटी, काजळी आणि कापसाचे तंतू मळलेले असत. ही भुकटी मुद्दाम घातलेली होती. पोलादी सुई पहिल्या काही फेऱ्यांतच या भुकटीवर घासून खाचेच्या आकाराची व्हावी, हा त्यामागचा हेतू. म्हणून प्रत्येक बाजूला नवी सुई लावायची पद्धत होती. किती घरांत ती पाळली गेली, हे ज्याचे त्याने आठवावे! सुईच्या डबीवर काटकसर करणे हा आपला स्वभावच.

नाव शेवटी का सांगत?

एमिल बर्लिनर यांनी १८८७ साली सपाट तबकडीचा ग्रामोफोन काढला. ग्रामोफोन कंपनीचे ध्वनिमुद्रक फ्रेडरिक गायसबर्ग १९०२च्या अखेरीस कलकत्त्यात आले आणि त्या नोव्हेंबरात गौहर जान यांचा आवाज मेणाच्या तबकडीवर उमटला. गौहर जान आझमगढला १८७३ साली जन्मल्या. आई मलका जान यांच्याबरोबर त्या १८८१ मध्ये काशीला आल्या, आणि दोन वर्षांनी मायलेकी कलकत्त्याला गेल्या. म्हणजे हिंदुस्थानच्या सुरुवातीच्या ‘रेकॉर्ड-गायिकां’पैकी एकीने लहानपणी आपल्याच गंगेचे पाणी प्यायले होते.

मेणावर उमटलेले गाणे तेव्हा छपाईसाठी जर्मनीत हॅनोव्हरला जाई. तिथल्या कारागिरांना ना हिंदुस्थानी कळे, ना गाणारीचे नाव. म्हणून गाणे संपताच कलावंताने आपले नाव मोठ्याने सांगायचे, असा प्रघात पडला. गौहर जान इंग्रजीत ‘माय नेम इज गौहर जान’ म्हणत. काशीत जन्मलेल्या जानकीबाई इलाहाबादी यांच्या तबकड्यांवरही शेवटी नाव येते. १९०८ मध्ये सियालदहला कारखाना निघाला आणि छपाई इथेच होऊ लागली, तरी ही सवय काही वर्षे टिकून राहिली.

तबकडी बाहेरून आत वाजते. तेव्हा शेवटी सांगितलेले नाव सर्वांत आतल्या खाचेत, कागदाच्या अगदी कडेला बसते. आमच्या रेकॉर्डचे मर्म नेमके इथेच आहे. तबकडीवर सर्वांत आधी खराब होणारी जागा हीच.

सरळ रेष आणि कंस

ध्वनिमुद्रणाच्या यंत्रात खाच कोरणारे टोक एका सरळ दांड्यावरून कडेपासून मध्याकडे सरकते. ते कायम एकाच सरळ रेषेत चालते आणि त्याच रेषेत डावी-उजवीकडे थरथरते. घरातल्या ग्रामोफोनचा सुई धरणारा हात, ज्याला टोनआर्म म्हणतात, तो मात्र एका टोकाला खिळलेला असतो. दाराची फळी बिजागरीभोवती फिरते तसा तो फिरतो, म्हणून त्याची सुई कंस काढते. कोरणारा सरळ चालला आणि वाचणारा वळत चालला, तर दोघांची दिशा सगळीकडे जुळणे शक्य नाही.

हिशोब करून पाहू. हात २२० मिलिमीटर लांब, सरळ, आणि सुई बरोबर मधल्या खिळ्यावर येईल असा धरा. दहा इंची तबकडीच्या बाहेरच्या कडेला सुई सुमारे १६ अंशांनी तिरकी पडते आणि आतल्या टोकाला साडेसहा अंशांनी. म्हणजे एका गाण्यात ती खाचेत नऊ-साडेनऊ अंश फिरते. आता आठवा, पोलादी सुई सुरुवातीलाच घासून खाचेच्या आकाराची होते. ती पटाशीसारखी धारदार झालेली सुई पुढे खाचेत वळू लागली की तिची कड भिंतीला लागते. वर साउंडबॉक्सचे वजन शंभर ग्रॅमहून अधिक. मग आतल्या खाचांची भिंत रंध्याखालच्या लाकडासारखी तासली जाते. प्रत्येक वेळी थोडी थोडी, आणि पुन्हा भरून न येणारी.

हा दोष गणिताने उलगडून दाखवला तो पर्सी विल्सन या इंग्रज गृहस्थांनी. लंडनच्या ‘द ग्रामोफोन’ या मासिकात १९२४ साली त्यांनी सुईच्या मार्गाचा हिशोब मांडला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. हाताचे पुढचे टोक ठरावीक कोनात आत वळवावे, आणि सुई मधल्या खिळ्यावर न आणता थोडी त्याच्या पुढे जाईल अशी ठेवावी. या दोन गोष्टी साधल्या तर तिरकेपणा अगदी थोडा उरतो. पुढे १९३८ मध्ये स्वीडनचे एरिक लोफग्रेन यांनी आणि १९४१ मध्ये अमेरिकेत बेअरवाल्ड यांनी हे गणित पक्के केले. आज चांगल्या टर्नटेबलबरोबर जो खुणांचा कागद मिळतो, त्यावरील दोन बिंदू याच गणितातून आले आहेत.

जुन्या ग्रामोफोनच्या धन्याला यातले काही माहीत असायचे कारण नव्हते. त्याने चावी भरायची, सुई टेकवायची. काशीच्या दालमंडीतला आवाज दुर्गाघाटावरच्या माजघरात ऐकायला मिळतो, याचेच अप्रूप मोठे होते.

केंद्र सरकले की स्वर हलतो

कोनाइतकेच महत्त्वाचे आहे केंद्र. तबकडी छापताना मधले भोक खाचेच्या चक्राच्या बरोबर मध्यावर पडले पाहिजे. ते सरकले तर तबकडी लंबकासारखी डोलते, सुई प्रत्येक फेरीत एकदा आत-बाहेर होते आणि स्वर चढतो-उतरतो.

किती? समजा भोक अर्धा मिलिमीटर बाजूला पडले. मध्यापासून ६० मिलिमीटरवरच्या खाचेत स्वर ०.८३ टक्क्याने चढेल आणि तेवढाच उतरेल. एकूण झोका १.६७ टक्के. आपल्या शास्त्रात प्रमाणश्रुतीचे गुणोत्तर ८१ ला ८० आहे, म्हणजे सव्वा टक्का. अर्धा मिलिमीटर म्हणजे पोस्टकार्डाच्या दोन जाडीएवढे अंतर, तेवढी चूक स्वराला एका श्रुतीहून अधिक हलवते! षड्जावर स्थिर उभी राहिलेली गायिका तबकडीवर डळमळते, आणि ऐकणारा म्हणतो, ‘बाईंचा सूर जरा हलतोय.’ बाईंचा सूर पक्का असतो, छापणाऱ्याचे भोक हललेले असते. माझी नोकरीची वर्षे कारखान्याच्या टूलरूममध्ये गेली. फिरणाऱ्या भागाचे केंद्र डायल लावून तपासल्याशिवाय पुढचे काम घ्यायचे नाही, ही तिथली पहिली शिस्त. रेकॉर्डच्या कारखान्यात तीच शिस्त गाणारीच्या अब्रूशी जोडलेली होती.

काशीकरांना हे परके वाटू नये. मानमंदिराच्या गच्चीवर सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात वेधशाळा उभारली. पितळेची यंत्रे टाकून त्याने दगड-चुन्याची प्रचंड यंत्रे का बांधली, याची कारणे त्याने स्वतःच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत दिली आहेत. पितळी यंत्रे लहान असतात, त्यांचे अक्ष झिजतात, वर्तुळांची केंद्रे सरकतात, आणि वेध चुकतो. तिथल्या सम्राटयंत्राची तिरकी भिंत काशीच्या अक्षांशाएवढ्या, म्हणजे सुमारे सव्वापंचवीस अंशांच्या कोनात ध्रुवाकडे रोखलेली आहे. जयसिंहाच्या पदरी जगन्नाथ सम्राट हे आपलेच मराठी ज्योतिषी होते. पुढे बापूदेव शास्त्रींनी काशीच्या सरकारी संस्कृत कॉलेजात गणित-ज्योतिष शिकवले आणि मानमंदिराच्या यंत्रांचे वर्णनही लिहिले. अक्ष, केंद्र आणि कोन सांभाळण्याची विद्या या गावात मराठी माणसाने पिढ्यान्‌पिढ्या जपली. टर्नटेबललाही सांभाळायला याच तीन गोष्टी आहेत.

झाला शेवटी येतो

१९४८ मध्ये अमेरिकेत लाँग प्ले रेकॉर्ड निघाली आणि लाखेची जागा हळूहळू प्लास्टिकने घेतली. बारा इंची तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेई आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटे गाणे मावे. तीन मिनिटांत राग कोंबण्याची सक्ती संपली. काशीत १९२० साली जन्मलेल्या रविशंकरांची सतार आता आलापापासून झाल्यापर्यंत घरात ऐकता येऊ लागली.

पण खाच बारीक झाली, तशी चुकीला जागाही उरली नाही. या सुईचे टोक सुमारे १८ ते २५ मायक्रॉन त्रिज्येचे, केसाच्या जाडीहूनही बारीक. शिवाय एक अडचण मुळातलीच आहे. तबकडीचा फिरण्याचा वेग कायम असला तरी खाचेचा वेग कायम नसतो. बाहेरच्या कडेला सेकंदाला सुमारे ५१० मिलिमीटर खाच सुईखालून जाते, आतल्या टोकाला फक्त २१०. तोच स्वर आत अडीचपट आखडून लिहिलेला असतो. म्हणून तेवढ्याच तिरकेपणाने होणारा बिघाड आतल्या टोकाला जवळजवळ अडीचपट होतो.

आता आपल्या संगीताची रचना पाहा. आलाप शांत, तो बाहेरच्या ऐसपैस खाचांत. द्रुत तान, झाला, शेवटची तिहाई या सगळ्या आतल्या अरुंद खाचांत. जिथे कलावंत सर्वांत वेगात असतो, तिथे तबकडीला सर्वांत कमी जागा असते. सुईचा कोन चुकला तर नेमका मैफलीचा कळस बिघडतो.

माझ्यावर हा प्रसंग आला तो एका आवडत्या रेकॉर्डवर. बिस्मिल्ला खाँसाहेबांची सनई आणि व्ही. जी. जोग यांचे व्हायोलिन यांची जुगलबंदी आपल्यापैकी अनेकांच्या घरी असेल. खाँसाहेब ज्या बालाजी मंदिरात रियाज करीत, तो बालाजी घाट पेशव्यांच्या नावाशी जोडलेला. जोग महाराष्ट्रातून लखनौच्या भातखंडे विद्यापीठात शिकवायला गेलेले. गंगा आणि कृष्णा एका तबकडीवर भेटाव्यात तशी ही भेट. सुरुवातीची दहा मिनिटे सुरेख वाजत. शेवट आला की सनई कर्कश होई, व्हायोलिन चिरके. मी रेकॉर्डला दोष दिला. मग वाटले, सनईचा आवाजच असा तीव्र, तो यंत्राला पेलत नसेल.

पुढे एकदा सुईचे कार्ट्रिज काढून पुन्हा बसवताना व्हर्नियर हातात घेतला, तेव्हा चोर सापडला. चोर मीच होतो. आधीच्या खेपेला स्क्रू आवळताना कार्ट्रिज तीन मिलिमीटर मागे राहिले होते. माझ्या टोनआर्मची लांबी २३० मिलिमीटर. बेअरवाल्डच्या हिशोबाने सुई मधल्या खिळ्याच्या १८ मिलिमीटर पुढे यायला हवी आणि पुढच्या टोकाचा कोन २४ अंश हवा. असे असेल तर मध्यापासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटरवर तिरकेपणा शून्य होतो, आणि बाकी सर्वत्र दोन अंशांच्या आत राहतो. आतल्या टोकाला तर तो पाऊण अंशच असतो. तीन मिलिमीटरच्या चुकीने तो पाऊण अंशावरून दोन अंशांवर गेला होता. गंमत म्हणजे त्याच चुकीने बाहेरच्या कडेचा तिरकेपणा उलट कमी झाला होता. सुरुवात अधिक गोड लागत होती, म्हणून मला संशय आला नाही.

कागदावर दोन बिंदू काढले, कार्ट्रिज पुढे सरकवले, रेघेशी रेघ जुळवली. सनईचा शेवट मोकळा झाला. इतकी वर्षे मी खाँसाहेबांच्या सुराला माझा स्क्रू ऐकवत होतो!

जे भरून येत नाही

जुगलबंदी सुदैवाने वाचली, कारण तिच्यावरची सुई हलकी होती आणि खाच फारशी झिजलेली नव्हती. आजीच्या पेटीतल्या त्या ठुमरीचे तसे झाले नाही. ७८च्या रुंद खाचेसाठी वेगळी, जाड टोकाची सुई आणली. वजन बेताचे ठेवले, कोन जुळवला, फेऱ्यांचा वेग तपासला. गाणे पूर्वीपेक्षा कितीतरी उजळले. शेवटी ती बाई बोलली, त्यातला एक शब्द लागला: ‘बनारस’. त्याच्या आधीचे नाव मात्र उमटले नाही. तिथे खाचेची भिंतच उरलेली नाही. आमच्याच माजघरात, कुणीतरी हौसेने, एकाच सुईवर ती पुन्हापुन्हा वाजवली असणार. गाणे आवडले, म्हणूनच नाव पुसले गेले.

एक धागा अजून शिल्लक आहे. शेवटची खाच संपल्यावर कागदापर्यंत जी गुळगुळीत पट्टी असते, तिच्यावर बारीक आकडे कोरलेले असतात. या आकड्यांवरून जाणकार संग्राहक रेकॉर्ड ओळखतात. मुंबईत १९९० साली ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था निघाली. सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यामार्फत जुन्या ध्वनिमुद्रिका आणि त्यांची माहिती जमवण्याचे मोठे काम केले. अशाच जाणकारांपर्यंत हे आकडे पोहोचवायचे मी ठरवले आहे.

सांगायचे तात्पर्य असे, की काशीचा हा ठेवा केवळ संग्रहालयात नाही. तो आपल्या माळ्यांवर, पलंगाखालच्या पेट्यांत आहे, आणि तो आपल्याच हातून झिजतो. म्हणून उत्सवाच्या निमित्ताने चार गोष्टी सर्वांना सांगाव्याशा वाटतात. रेकॉर्ड आडव्या रचू नका, उभ्या ठेवा. ७८ची तबकडी एल.पी.च्या सुईने वाजवू नका. ती स्पिरिटने तर मुळीच पुसू नका. चपडा स्पिरिटमध्ये विरघळतो हे कुठलाही सुतार सांगेल, ओलसर मऊ फडके पुरे. आणि वाजवायची असेलच, तर आधी सुईचा कोन जुळवून एकदाच वाजवा व त्याच वेळी संगणकात उतरवून घ्या. ज्यांना हे जमत नसेल त्यांनी पेटी घेऊन माझ्याकडे यावे. खुणांचा कागद, व्हर्नियर आणि चहा, तिन्ही तयार आहे.

आपण कोणत्याही कार्याच्या आरंभी गजाननाचे नाव घेतो. त्या गायिका आपले नाव कार्य संपल्यावर सांगत, आणि ते ऐकायला आपण तिथवर नीट पोहोचावे एवढीच त्यांची अपेक्षा असावी. ज्यांची नावे अजून खाचेत शाबूत आहेत, ती तरी आपल्या हातून पुसली जाऊ नयेत, ही श्रींच्या चरणी प्रार्थना.

गणपती बाप्पा मोरया!